घाट चढल्यावर पैसे

उस्मानपुऱ्यात गयासभाईंच्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात मी गेले ती भांडायच्या तयारीनंच. सोबत सुरेखा, आमच्या गल्लीतली. जुन्या जीपमधून नऊ बायकांना वाळूजच्या पहिल्या शिफ्टला पोचवते. चार दिवस जीप तापत होती. एका मोठ्या गॅरेजनं वरवर बघूनच सांगितलं होतं, गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागेल, अडतीस हजार. ठेकेदारानं बजावलं होतं, सोमवारी गाडी आली नाय तर फेरी दुसऱ्याला. तो शनिवार होता.

मला गाडीतलं कळत नाही, फसवणारा माणूस कळतो. पण या माणसाचा अंदाज येईना. साठीचे, किडकिडीत. बॉनेटला हातही लावला नाही, इंजिन थंड होईपर्यंत स्टुलावर बसून राहिले.

"पानी कौनसा डालते?"

"बोरचं," सुरेखा म्हणाली.

"नळाचं का नाय?"

"नळाला आठ दिवसांनी येतं चाचा. गाडीला पाजू का पोरांना?"

मग त्यांनी रेडिएटरमधलं चमचाभर पाणी काढलं आणि शेगडीवरच्या तापल्या तव्यावर टाकलं. पाणी उडालं, मागं क्षाराचा पांढरा चट्टा राहिला. नखानं खरवडत म्हणाले, "बायपासकडचा बोर. व्हय ना?"

सुरेखा बघतच राहिली. बोर बायपासकडचाच होता.

नळाचा थेंब गाडीत घालायचा नाही, हा नियम गल्लीला मीच लावला होता, हंडामोर्चाच्या वर्षी. चूक कबूल करायची सवय नाही, म्हणून आवाज चढवला. "मग काय, माणसं तहानलेली ठेवून गाड्या गार करायच्या?"

"आपा, मी कुठं तसं म्हणलो. बोरचं नको, नळाचंबी नको." त्यांनी रस्त्यापलीकडं बोट केलं. कापडाच्या दुकानांच्या एसीच्या ठिबकत्या नळ्यांखाली निळे कॅन लावलेले होते. "ते पाणी सुकलं की मागं काय ऱ्हात नै. त्यात कूलंट मिसळायचं."

"म्हणजे गॅस्केट गेलं नाही?" सुरेखानं विचारलं.

"मालूम नै. रेडिएटरची जाळी तर क्षारानं चोंदलीच हाय. पण चार दिवस तापवली, गॅस्केटबी गेलं असंल. जाळी साफ करतो. मग दौलताबादचा घाट चढायचा. तापली तर मला पैसे नको, इंजिन उघडा. नाय तापली तर सव्वीसशे."

असा सौदा मी आयुष्यात ऐकला नव्हता. तुम्हाला हे कुणी शिकवलं, असं विचारलं. वाळूजच्या एका कारखान्यात अकरा वर्षं ते नवे रेडिएटर बसवत होते. "नवा बसवायला शिकवलं आपा. जुना कसा मरतो ते कुणी सांगंना." म्हणून पगारातून भंगारवाल्याकडचे मेलेले रेडिएटर घ्यायचे आणि घरी करवतीनं कापून आत बघायचे. "बायको म्हणायची, पाहुणा आला तर बसवू कुठं, जाळीवर?" नोकरी सुटली तेव्हा त्यांनी दीडशेच्या वर कापलेले होते.

संध्याकाळपर्यंत त्यांनी पितळी जाळीची एकेक नळी सळईनं मोकळी केली. आतून चुन्यासारखे पापुद्रे निघत होते. मी बादली धरून बसले होते, कुणी सांगितलं नसताना.

रविवारी सकाळी घाट. सुरेखा चालवत होती, गयासभाई शेजारी, मी मागं. दुसऱ्या वळणावर तापमानाचा काटा मध्याच्या पुढं सरकला. सुरेखानं पाय उचलला.

"थांबू नको. चल."

"चाचा, वर चाललाय."

"चालू दे. पंखा सुरू व्हायचाय."

पंखा घरघरला. काटा थोडा थरथरला, मग मध्यावर आला आणि वरपर्यंत तिथंच राहिला. वर पोचल्यावर त्यांनी गाडी बंद करू दिली नाही. रेडिएटरच्या दोन्ही पाइपांना हात लावून पाहिला, एकदा, मग पुन्हा.

"वरचा चटका देतोय, खालचा कोमट. पाणी फिरतंय. इंजिन उघडायचं काम नै."

सुरेखानं पैसे दिले आणि तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा लाल झाला.

"दुसऱ्याला सांगून ठेवलंय? मग त्याला नको म्हणून सांगा. सोमवार उद्या हाय, आज नाय. गाडी कुठंय म्हणता? ऐका."

तिनं फोन चालू इंजिनावर धरला. मिनिटभर आम्ही तिघंही इंजिन ऐकत होतो, आणि पलीकडं तोही. मग तिनं फोन परत कानाला लावला.

"हां," ती म्हणाली. "पहाटे पाच वाजता."