जर्मलचा आवाज

आमच्या मावशीनं आयुष्यात वाजवून न घेतलेली एकच वस्तू, ती म्हणजे आमचे काका. तेही तिच्या वडिलांनी परस्पर पसंत केले म्हणून. नाहीतर भर मांडवात तिनं अंतरपाट बाजूला सारून नवरदेवाच्या कपाळावर वाकडं बोट आपटून बघितलं असतं, आणि नाद पटला नसता तर वऱ्हाड उपाशी परत धाडलं असतं. बाकी माठ, कलिंगड, पत्र्याची पेटी, देवापुढचा नारळ, शाळेचं नवं दार, कशाचीही सुटका नव्हती. वाकड्या बोटानं टक टक करायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. "चांगलं हाय," नाहीतर "भद्द हाय." पुढं अपील नाही. सगळा पाथर्डी तालुका तिला टकटक मावशी म्हणायचा. तिचं खरं नाव मतदारयादीत असावं, पण ते वाचून तिला ओळखणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

ही मावशी गावात अंगणवाडी सेविका होती आणि तिचा आवाज हे तिचं खरं भांडवल होतं. "चला रं, खिचडी!" अशी हाक तिनं मारली की आमच्या गावातली पोरं पळत यायचीच, पण शेजारच्या गावातली पोरंही हात धुऊन बसायची. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याचा भोंगा बिघडला तेव्हा मावशीला हंगामापुरतं कामावर घ्यायचं चाललं होतं, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच, पण ऐकणाऱ्यानं कधी शंका घेतलेली नाही. काका याच्या अगदी उलटे. ते वर्षाकाठी जेवढं बोलत तेवढं मावशी सकाळी चूल पेटेपर्यंत बोलून टाकायची. "तुमच्या वाटनीचं मीच बोलते, तुमी फकस्त मान हालवा," असा त्यांच्या संसाराचा करार होता.

अशा बाईचा घसा बसला. आधी बसला, मग बसलेला उठेचना. नगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि फार सांभाळून सांगितलं, की गाठ आहे, माणूस वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. मी भिंतीकडं बघत राहिलो. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मावशीनं मात्र डॉक्टरांच्या टेबलावरचा गळ्याचा प्लास्टिकचा नमुना जवळ ओढला, त्यावर टक टक केलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ह्ये तर भद्दच हाय. काढून टाका."

डॉक्टर हसले, पण बाहेर आल्यावर जिन्यात ती मला म्हणाली, "सुन्या, मरायचं भ्या न्हाई रं. पर मुकी बाई म्हंजी घरातली बाज. समदे बसत्यात, इचारत कुनीच न्हाई." एवढंच म्हणाली आणि झपाझप जिना उतरून गेली. काका एक पायरी मागं होते. त्यांनी ते ऐकलं.

ऑपरेशननंतर बोलायच्या दुसऱ्या तऱ्हा शिकता येतात, पण त्याला वेळ लागतो, तोवर लिहून दाखवा, असं डॉक्टरांनी सुचवलं होतं. पाटी तिनं लगेच फेटाळली. "लिहीस्तवर समोरचा घरी जाऊन जेवून झोपंल." मोबाईल तिला येत होता, अंगणवाडीची सगळी माहिती ती त्यावरच भरायची. पण तोही नको. "काचंवर बोट घासून कुटं भांडान होतं व्हय? बोटाखाली काईतरी दबलं पायजे, तवा शब्दाला जोर येतो." मी पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसतो, म्हणून आमच्या घराण्यात मला शास्त्रज्ञ मानतात. मी म्हणालो, "मावशी, लॅपटॉप घेऊ. तू लिहायचंस, तो मोठ्यानं वाचून दाखवेल. मराठीत." तिच्या तोंडावर जो उजेड पडला, तसा लोडशेडिंग संपल्यावर आमच्या गल्लीतही कधी पडला नाही.

ऑपरेशनच्या आधीच घ्यायचा, असा तिचा हट्ट. "भाव करायला माजंच तोंड पायजे." एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर आलं होतं, मावशीच्या तोंडात मात्र नगरच होतं. लग्नाचा बस्ता बांधायला निघाल्यासारखी ती ठेवणीतलं लुगडं नेसून गाडीत बसली आणि कंडक्टरला म्हणाली, "तीन नगर. तोंड घ्यायला चाललोय." कंडक्टरनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मुकाट्यानं तिकिटं फाडली.

दुकानदार शेठ कसलेले होते. त्यांनी पडदा दाखवायला सुरुवात केली. रंग बघा, सिनेमा बघा, गेम बघा. मावशीनं पडद्याकडं पाठ फिरवल्यासारखं केलं आणि लॅपटॉपच्या पाठीवर टक टक केलं. चकचकीत चंदेरी होता.

"भद्द," मावशी म्हणाली. "पापडाचा डबा हाय ह्यो."

"मावशी, मेटल फिनिश आहे."

तिनं कडेला नख घासलं. "रंग दिलाय शेठ. आमच्याकडं पोळ्याला बैलाची शिंगं सोनेरी करत्यात, म्हनून ती सोन्याची होत्यात व्हय?" मग तिनं बटणांच्या मधोमध अंगठा दाबला. सगळा पत्रा खाली वाकला. "आन् ही बाज सैल झालीया. हिच्यावर भांडायला बसलं तर मानूस खाली जाईल."

शेठनी दुसरा काढला. काळाकुट्ट, जाड, कचेऱ्यांत वापरतात तसला. त्याची बटणं मात्र मलाच मोहात पाडणारी होती. मधे किंचित खोलगट, बोट बसलं की खाली जायचं, तळ लागल्याचं कळायचं आणि पुन्हा वर यायचं. मी मावशीला म्हणालो, "कीबोर्ड असावा तर असा." ती म्हणाली, "थांब, भांडून बघते."

आता लॅपटॉप तपासायच्या किती पद्धती जगात असतील त्या असोत, मावशीची पद्धत कुठल्याही पुस्तकात नसेल. तिनं शेठना समोर उभं केलं. "मला लागंल असं काईतरी बोला."

"अहो मावशी, असं कसं बोलू?"

"बोला वो! राग निवायच्या आत शब्द निगतो का न्हाई, तेवडंच बघायचंय."

शेठनी घाम पुसला. शेवटी धीर करून म्हणाले, "मावशी, तुम्हाला आता या वयात हे झेपायचं नाही."

मावशीनं पदर खोचला. मग टकाटका टकाटका सुरू झालं. मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या मी बरोबर नेल्या होत्या, त्या बटणांवर लावून वाचून दाखवायची सोयही चालू करून दिली होती, त्यांवरची अक्षरं शोधून शोधून ती मारत होती आणि तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. लॅपटॉपनं शेठच्या सात पिढ्यांपैकी तीन वाचून दाखवल्या, तेव्हा शेजारच्या भांड्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक इकडं आलं. शेठ स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. मी म्हणालो, "झालं. हाच घ्यायचा." पण मावशीनं लॅपटॉप मिटला आणि त्याच्या पाठीवर टक टक केलं. आवाज असा आला, जसा भिजलेल्या पोत्यावर येतो.

"बटनं गुनाची हायती," ती हळहळली. "पर अंगात नाद न्हाई."

मग निघाला तिसरा. पातळ, थंडगार, अल्युमिनियमचा. मावशीनं वाकडं बोट मारलं आणि अख्ख्या दुकानात टण्ण असा नाद फिरला. तिनं डोळे मिटले. "आगं बया, जर्मल हाय ह्ये!"

"जर्मल नाही, अल्युमिनियम. प्रीमियम बॉडी," शेठ दुखावले.

"म्हंजी जर्मलच की! माज्या अंगनवाडीची खिचडी जर्मलच्याच पातेल्यात शिजली. इतकी पोरं वाडली त्याच्यावर." तिनं मधोमध अंगठा दाबला, पत्रा तसूभर हलला नाही. मी जीव तोडून सांगितलं, की मावशी, याची बटणं उथळ आहेत, बोट लगेच पत्र्यावर आपटतं, तुझ्यासारख्या ठोकणारीच्या बोटांना त्रास होईल. काळा घे, रोज लिहायचंय तुला. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी शास्त्रज्ञाचा पुन्हा भाचा झालो. "सुन्या, मी आवाज घ्यायला आल्येय. मुका डबा घिऊ व्हय?"

काकांनी मान हलवली. जर्मलचा लॅपटॉप आमच्याबरोबर एसटीत बसला, आणि घरी पोचेपर्यंत मावशीनं तो गाडीतल्या निम्म्या लोकांकडून वाजवून घेतला.

ऑपरेशन झालं. मावशी घरी आली ती गळ्याला रुमाल बांधून. घरात इतकी शांतता की भिंतीवरच्या घड्याळाला स्वतःची लाज वाटावी. काका चहा करून आणायचे, ती प्यायची, कप ठेवायची. शेवटी एका सकाळी तिनं लॅपटॉप मांडीवर ओढला. टक, टक, टकटक. मग बातम्या देणाऱ्या बाईच्या स्वच्छ, शहरी आवाजात घरभर ऐकू आलं, "आवो, चहात साखर कमी हाय. कदीपासनं सांगायचं हुतं."

काका हसले. मी त्यांना हसताना पाहिल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. हसता हसता ते साखरेचा डबा आणायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्यानंतर मावशीनं मागची सगळी बाकी भरून काढली. शिव्यासुद्धा ती लॅपटॉपातली बाई हवामानाचा अंदाज सांगावा तशी द्यायची. "मेल्या, तुजं थोबाड आरशात बग." स्वर अगदी सौम्य, पुढं हलक्या सरींची शक्यता असल्यासारखा. भांडायला आलेली माणसं हसत परत जायची. अंगणवाडीतली पोरं तर त्या बाईला भेटायला घरी येऊन बसायची. आणि पुढं पुढं असं झालं, की बाई बोलायच्या आधीच आम्हाला कळायचं. टकटक हळू पडली तर लाड चाललेत. जोरात पडली तर पळा.

पण एक भानगड झाली. चार्जर लावला की लॅपटॉप मावशीच्या मनगटाला मुंग्या आणायचा. बारीक, चुरचुरणाऱ्या. ती दचकून हात मागं घ्यायची, वाक्य अर्ध्यात तुटायचं. एकदा तिनं रागानं लिहिलं, "ह्ये मला चावतंय."

त्यावर आमच्या मुक्या काकांनी त्या वर्षातलं सगळ्यात मोठं वाक्य टाकलं. "तुजीच जीब हाय. चावनारच."

गावभर फिरलं ते वाक्य. मावशीनं मात्र दोन दिवस लॅपटॉप उघडलाच नाही, आणि काकांना जिन्यातलं ते बाजेचं बोलणं आठवलं असावं. ते स्वतः जाऊन वायरमनला घेऊन आले. वायरमननं भिंतीतला प्लग उघडला आणि कपाळाला हात लावला. "आवो काका, ह्यातलं तिसरं भोक नुसतं शोभेला हाय. घराला अर्थिंगच न्हाई. प्लास्टिकचं असतं तर कळलंबी नसतं, ह्ये जर्मल हाय, म्हनून चुरचुरतंय." म्हणजे ज्या अंगाच्या नादासाठी मावशीनं माझी गुणाची बटणं नाकारली, तेच अंग तिला चावत होतं. मी विजयी मुद्रेनं तिच्याकडं बघितलं. तिनं ताटली फेकून मारली. ती चुकवल्यावर मी मुद्रा बदलली.

काकांनी घरामागं खड्डा खणला. आमच्याकडची जमीन म्हणजे खाली नुसता मुरूम, पहारीतून ठिणग्या उडायच्या. त्यांनी एकट्यानं खणला, कुणाला हात लावू दिला नाही. वायरमननं पट्टी पुरली, मीठ-कोळसा भरला, तार घरात आणली आणि बजावलं, "काका, ह्ये ओलं ठिवायचं. रोज थोडं पानी. कोरडं पडलं की पुन्ना चावंल." चार्जर लावून मावशीनं भीत भीत मनगटं टेकवली. मग टकटक सुरू झाली, आणि लॅपटॉपातली बाई म्हणाली, "आता गप पडलं. मानूस कामाचं हाय."

पाथर्डीकडं पाण्याची काय तऱ्हा, हे मी आपल्या लोकांना काय सांगू. उन्हाळ्यात टँकर आला की माणसं हंड्याला हंडा भिडवून उभी राहतात. पण काका तोंड धुतलेलं पाणी तांब्यात धरायचे, भाजी धुतलेलं साठवायचे, आणि रोज सकाळी घरामागं जाऊन त्या खड्ड्यात ओतायचे. आतून टकटक ऐकू आली की मग चहा ठेवायचे. मावशी याबद्दल एकदाही बरं बोलली नाही. फक्त एकदा मी गेलो असताना ती मांडीवर लॅपटॉप घेऊन मागच्या दारात बसून, खड्ड्याशी वाकलेल्या काकांच्या पाठीकडं बघत होती. मग माझ्याकडं वळून हळूच दोन बटणांवर बोटं ठेवून उचलली, काही न लिहिता, आणि स्वतःच्या वाकड्या बोटानं काकांच्या पाठीच्या रोखानं हवेतच टक टक करून मान डोलावली. तेवढ्यात काका आत आले, तर तिनं पदर सारखा केला आणि लिहिलं, "उन्हात टोपी घालाया काय हुतं?"

दुखणं पुन्हा उलटलं तेव्हा मात्र ते कुणाचं ऐकेना. मावशी गेली. गावानं तिला पोचवलं, आणि कितीतरी दिवस अंगणवाडीची पोरं काकांच्या दारात येऊन विचारायची, "ती बाई कुटं गेली?"

त्या उन्हाळ्यात मी लॅपटॉप घ्यायला गेलो. काकांच्या काय उपयोगाचा, नीट पुसून एखाद्या शिकणाऱ्या मुलीला देऊ, असं मनात होतं. खोलीत तो चार्जरला लावलेला होता, वर तिचाच गळ्याचा रुमाल पांघरलेला. मी सवयीनं त्याच्या पाठीवर वाकडं बोट मारलं. टण्ण.

काका घरात नव्हते. मागं गेलो तर खड्ड्याशी बसले होते. टँकर चार दिवस आला नव्हता. हातात तांब्या, तळाशी ओंजळभर पाणी. ते सावकाश धार धरून ओतत होते, थेंब बाहेर पडू नये म्हणून दुसरा हात आडवा लावून.

"काका, आता कशाला?" मी म्हणालो.

त्यांनी तांब्या पुरता उपडा केला, त्याच्या बुडावर बोटानं टक टक करून शेवटचे थेंब पाडले.

"असू दे ओलं," काका म्हणाले. "कोरडं पडलं की चावतंय."