गुन्नम्माचे काजूवाले हात

माझी धाकटी बहीण गुन्नम्मा काजू फोडायच्या कारखान्यात जायची. टरफलाचं तेल उडून तळवे काळे, खरखरीत. लग्न झालं तेव्हा तिचा नवरा दंडासी म्हणाला होता, "हे हात आहेत की काथ्या?" पण रोज संध्याकाळी पाठ खाजवायला त्याला तेच हात लागायचे. बायकोवेडा मेला!

पुढे आमच्या उद्दानम भागात घरोघरी होतं, तेच झालं. त्याच्या किडन्या गेल्या. दिवसाआड डायलिसिस सुरू झालं आणि मागोमाग खाज. पाठ, पोटऱ्या, रक्त निघेपर्यंत ओरबाडायचा.

आम्हा काजूवाल्यांना खाज म्हटलं की एकच कारण सुचतं, टरफलाचं जहाल तेल. गुन्नम्मानं ठरवूनच टाकलं, आपल्या हातांनीच ते घरात आलं. हाताला राख चोळली, खोबरेल चोपडलं, शेवटी कामही सोडलं. तरी खाज थांबेना, तेव्हा त्याला शिवायचीच बंद झाली. ताटसुद्धा लांबून सरकवायची.

मी ओरडले, "अगं, नवरा आहे तो! विंचू आहे का?"

"अक्का, माझ्यामुळे सोलवटतोय गं तो."

दंडासीच्या डोक्यात भलतंच. एके सकाळी दवाखान्याची बस धरायच्या वेळी उठेचना. मला, मोठ्या मेहुणीला, म्हणाला, "वदिना, सुया सोसल्या, खाजही सोसेन. पण हिला माझी किळस येते. कशाला जायचं? मरू दे मला."

हे ऐकून गुन्नम्मा पुढे धावली, पण हात मागेच ठेवून. मी दोघांना शिव्या घालत बसमध्ये कोंबलं.

सगळं ऐकून डायलिसिसच्या नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, हाताचा काय संबंध? मशीन सगळी घाण काढत नाही, रक्तात साठते, म्हणून खाज. सुकी मासळी बंद. जेवताना गोळी. अंगाला खोबरेल लाव."

"मग जाईल?" गुन्नम्मानं विचारलं.

"कमी होईल कदाचित."

घरी येऊन ती त्याच्या मागे बसली. किती महिन्यांनी! तेल घेऊन पाठीवर हात फिरवला. दंडासीनं सुखानं डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"जोरात गं. जरा खरखरीत लाव ना हात."

तिनं तळवे उजेडात धरले. काम सोडल्यापासून कातडी निघून गेली होती, खाली नवी आलेली, तान्ह्या पोरासारखी मऊ.

"हेच आहेत रे आता," ती म्हणाली आणि रडत रडत चोळत राहिली. खाज काही थांबली नाही. दंडासी मात्र तिचा हात पाठीवरून हलू देईना.