वळवलेली दरी

मिनेसावात रोज सकाळी सहाला बर्फ मोजायचं काम ओरिए कुवाबाराचं. स्कीवाल्यांना तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांच्या खालच्या ठाण्यामागे एक लाकडी पट्टी रोवलेली आहे. रोवणाऱ्याने जागा नीट बघून निवडली होती, दोन छपरांच्या मधली, जिथे वारा सगळा बर्फ आणून ओततो. त्यामुळे आमच्या गावात शेजारच्या गावापेक्षा वीतभर बर्फ नेहमीच जास्त पडतो. शेजारच्यांचीही पट्टी अशीच कुठेतरी कोपऱ्यात असणार. या विषयावर दोन्ही गावांत कुणी बोलत नाही.

ओरिए तो आकडा लिहून घ्यायची, उतारांचा एक फोटो काढायची आणि सातच्या आत जगाला कळवायची. ती पाळण्यांच्या कंपनीची जाहिरातबाई. वय सेहेचाळीस, उंची बेताची, चाल झपझप. वडील टोफू करून विकायचे. गावातल्या इतर बायकांसारखी ती दुकानात रेंगाळून गप्पा मारत नसे. वीस वर्षं टोकियोत बिस्किटांच्या आणि शांपूच्या जाहिराती लिहिल्यावर वडील वारले म्हणून ती परत आली, तेव्हा गावाची पार रया गेली होती. अर्ध्या खानावळींना कुलपं, आणि मोठ्या गुलाबी हॉटेलच्या खिडक्यांतून भूर्जाची झाडं बाहेर आलेली. सहा वर्षांत तिने ऑस्ट्रेलियातून, तैवानातून, सिंगापुरातून माणसं आणून हे गाव उभं केलं. तिच्यामुळे शाळेचा एक वर्ग बंद पडायचा वाचला. नंतर तिच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतले निम्मे लोक तिच्याच पाहुण्यांवर जेवत होते, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

तिला आपण खोटं बोलतो असं कधी वाटलं नाही. "लग्नाच्या फोटोत नवरीचे मुरूम कुणी दाखवतं का?" एवढंच ती म्हणायची.

तिचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे डोंगराचा चित्रनकाशा. पाळण्यांवर, खानावळींत, प्रत्येक पाहुण्याच्या खिशात असतो तो. डोंगर काही कागदाच्या मापाने जन्माला येत नाही, तेव्हा असे नकाशे रंगवणारे चित्रकार तो थोडा दाबतात, थोडा वाकवतात. सगळीकडेच चालतं ते. ओरिएने मात्सुमोतोहून एक म्हातारे चित्रकार आणले होते. त्यांच्यापुढे अडचण एकच होती. आमच्या डोंगराला दोन अंगं. पुढच्या अंगाला गाव, हॉटेलं, गरम पाण्याची न्हाणीघरं. मागच्या अंगाला कुरासावा नावाची दरी, जिचं पाणी थेट धरणाला जातं. तिथे ना रस्ता, ना वस्ती, ना फोन लागत.

"ही मागची दरी काढायची की गाळायची?" चित्रकारांनी विचारलं.

"गाळू कशाला? इतकी सुंदर आहे. जरा अलीकडे वळवून घ्या ना. इथे खाली जागा रिकामीच आहे."

खाली जिथे जागा रिकामी होती, तिथे न्हाणीघरांची गल्ली काढलेली होती. म्हाताऱ्यांनी दोन दिवसांत दरी वळवली. झाडी विरळ केली, सावल्या निळ्या केल्या. माथ्यावरची मनाईची दोरी एवढ्या लहान चित्रात नाहीतरी दिसली नसती, म्हणून ती गाळली. नकाशात आता असं दिसे की माथ्यावरून मागच्या बाजूने घसरत निघालं की माणूस अलगद गरम पाण्यात येऊन पडेल. नकाशाला प्रांताच्या पर्यटन खात्याचं बक्षीस मिळालं आणि या हिवाळ्यासाठी चाळीस हजार प्रती छापल्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उतारांवरचे गस्तप्रमुख होशिना-सान ओरिएच्या खोलीत आले आणि एक ओलाचिंब नकाशा त्यांनी तिच्या टेबलावर आपटला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, ओठांच्या कडा थंडीने कायमच्या फाटलेल्या. ओरिएला पाचव्या वर्षी स्कीवर उभं केलं ते त्यांनीच, आणि म्हणून ती त्यांना कचेरीतही काकाच म्हणायची.

"दोन जण सापडले. कुरासावात. कमरेपर्यंत बर्फात बसून हसत होते, न्हाणीघर कुठे आहे म्हणून मलाच विचारत होते."

"काका, माथ्यावर पाटी आहे ना, इंग्रजीतसुद्धा?"

"पाटी म्हणते जाऊ नका, आणि खिशातला कागद म्हणतो ये बाबा, खाली गरम पाणी आहे. ऐकणार कुणाचं? अगं पोरी, दरी तू वळवलीस, पाणी नाही वळलं."

ओरिए हसली आणि ओला नकाशा तिने टेबलावर सरळ केला. "यंदा बर्फ कसा आहे तिकडे?"

"वाईट." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नोव्हेंबरातल्या ओल्या बर्फाखाली बांबूगवत आडवं झालं, त्यावर हा सगळा बसलाय. घट्ट धरलेलंच नाही त्याने कशाला. वरच्या अंगाला भेग पडलीय, आतली माती दिसते. काल तळहात मावत होता. आज पाय मावतो."

त्यांनी एवढंच मागितलं: नकाशे उचला, आणि त्यात एक खबरदारीची चिठ्ठी घालून नवे छापा. ओरिएने त्याच दुपारी मंजुरीचा कागद तयार केला. आमच्याकडे असा कागद खालून वर जातो. पहिल्या चौकोनात सहीच्या जागी लिहिणाऱ्याचा नावाचा शिक्का, मग एकेका खात्याचा, शेवटी अध्यक्षांचा. मात्र कागद वर जाण्याआधी शब्द वर जातो. वरच्याचा चेहरा कसा होतो ते बघायचं, आणि मगच शिक्का मारायचा. न विचारता कागद पाठवणारा माणूस आमच्याकडे उद्धट ठरतो.

कंपनीचे अध्यक्ष ओनोजुका यांचा चेहरा तिने बावीस तारखेला पाहिला. ते चहा पीत होते.

"चाळीस हजार? सगळ्या खानावळींतून गोळा करायचे? नववर्षाच्या गर्दीत?"

"होशिना-सान म्हणतात की..."

"होशिना-सान तीस वर्षं तेच म्हणतायत. दहा जानेवारीनंतर बघू ना, कुवाबारा-सान. कागद आत्ता माझ्याकडे आला तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. नाही आला, तर मी पाहिलेलाच नाही. बरोबर ना?"

"बरोबर," ओरिए म्हणाली. त्या एका शब्दाबद्दल तिने पुढे स्वतःला किती शिव्या घातल्या त्याला मोजदाद नाही.

जिन्यातच होशिना भेटले. "काय झालं?"

खरं सांगितलं असतं तर ते सरळ अध्यक्षांच्या दारावर थडकले असते, आणि सणाच्या तोंडावर तमाशा झाला असता. निदान ओरिएने स्वतःची समजूत तशी घातली. तिने कागद पुढे केला. "हा बघा, लिहिलाय. जातोच आहे वर."

होशिनांनी चष्मा लावून अख्खा कागद वाचला. "तुझा शिक्का कुठे आहे?"

"टेबलावर राहिलाय. जाऊन मारते."

त्यांनी खिशातून आपला शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली आणि दुसऱ्या चौकोनात तो उमटवला. चाळीस वर्षांच्या नोकरीत पहिला चौकोन रिकामा असताना त्यांनी कधी शिक्का मारला नव्हता; तिच्या शब्दावर आज मारला. "बरं झालं बाई," ते म्हणाले. "हुकूम खाली येईपर्यंत मी रोज पाळणे थांबले की एक फेरी मारून येतो तिकडे. कुणाच्या खुणा दिसल्या तर हाकलून आणतो. थोड्याच दिवसांचा तर प्रश्न."

"एकटे नका जाऊ काका."

"दोघं गेलो तर वजन दुप्पट. त्या बर्फाला तेवढं निमित्त पुरेल."

कागद ओरिएच्या खणात गेला. दहा तारीख काही फार लांब नव्हती.

त्यानंतर ती रोज साडेचारला खिडकीशी जाऊन उभी राहायची, होशिनांचा लाल कोट खाली येईपर्यंत. तो दिसला की खुर्चीत बसायची आणि तिचे खांदे दुखत असायचे. एकतीस डिसेंबरला त्यांनी सांगितलं, भेगेत आता माणूस उभा राहील. दोन जानेवारीला माथ्यावरून काढलेल्या सकाळच्या फोटोत, मागच्या अंगाला, ती भेग आली. पांढऱ्यावर तपकिरी रेघ, चांगली लांबलचक. ओरिएने ती पडद्यावर मोठी करून पाहिली, आणि मग हात सवयीने चालला. तीन मिनिटांत तिने ती रेघ पुसून टाकली. वर्षभरात कुठल्याच फोटोला मिळाली नव्हती एवढी पसंती त्या फोटोला मिळाली.

सहा जानेवारीला दुपारी पाऊस आला. जानेवारीत पाऊस म्हणजे वरचा बर्फ सुटणार, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. छपरांवरून बर्फाचे ढीग धपाधप पडू लागले, गटारं वाहू लागली. खिडकीतून दिसणारा उतार राखाडी पडला. ओरिए बाहेर गेली, होशिना पट्टे आवळत होते.

"आज नको काका. या पावसात कोण वेडं जाणार आहे?"

"वेडे कधी जातात ते त्यांनाच माहीत. अजून कसा नाही आला तो तुझा कागद? कुणाकडे अडकलाय?"

"वरच आहे," ती म्हणाली. "एकदोन दिवसांत..."

"मग काय. एकदोन दिवस तर काढू." ते गेले. तिने थांबवायला हवं होतं, कोट धरून थांबवायला हवं होतं. फक्त खरं बोलली असती तरी ते तिथल्या तिथे वळून अध्यक्षांकडे गेले असते आणि डोंगरावर गेले नसते. हे तिला तेव्हाही कळत होतं.

पावणेपाचला एक तरुण जोडपं तिच्या खिडकीशी आलं. मेलबर्नचं. दोघं चिंब भिजलेले, गाल लाल, हातात तिचाच नकाशा.

"न्हाणीघर कुठे आहे हो? आम्ही भलतीकडेच गेलो होतो. एका लाल कोटवाल्या आजोबांनी माथ्यापर्यंत परत आणलं. फार गोड माणूस."

"ते कुठे आहेत?" ओरिए उठून उभी राहिली.

"ते परत खाली गेले. आम्हाला तीन बोटं दाखवून काहीतरी विचारत होते. आम्हाला काही कळलं नाही, आम्ही हसून आभार मानले."

"तुम्ही तिघं होतात?"

"नाही, दोघंच. याचा हातमोजा पडला होता, म्हणून हा पुन्हा वर चढून दुसऱ्यांदा घसरत आला." मुलगी हसली. "का?"

बर्फावर तीन माणसांच्या खुणा होत्या, आणि होशिना तिसऱ्याला शोधायला गेले होते. तो तिसरा जगात नव्हताच. ओरिएने बिनतारी संच उचलून होशिनांना हाक मारली. पहिल्या हाकेला उत्तर आलं नाही. दुसऱ्या हाकेला खिडकीच्या काचा थरथरल्या, लांबून मालगाडी गेल्यासारख्या, आणि मिनेसावात रेल्वे नाही. मग पाऊस तेवढा ऐकू येत राहिला.

अंधार पडेपर्यंत माणसं माथ्यावर जाऊन परत आली. कुरासावात बर्फाचा कडा कोसळलाय, उरलेला लटकतोय, उजाडल्याशिवाय कुणाला उतरवता येणार नाही, असं पोलीस म्हणाले. अध्यक्षांनी ओरिएला कळवायचा मजकूर लिहायला सांगितला: "हवामानामुळे वरचे पाळणे बंद." तिने तो लिहिला नाही. अध्यक्षांनी पहिल्यांदाच तिच्याकडे बघायचं टाळलं.

उजाडताना कंपनीच्या जेवणघरात गावातल्या बायका जमल्या. शोधायला निघालेल्यांसाठी भाताचे मुटके वळायचे, ही आमच्याकडची रीत. कुणी बोलावत नाही, भांडं घेऊन यायचं. होशिनांची बायको तोयोको-सान मधल्या टेबलाशी होती. बायकांनी तिला बस म्हणून सांगून पाहिलं होतं, ती ऐकत नव्हती. तळहात पाण्यात बुडवायची, मीठ लावायची, वाफाळता भात दाबायची. तिच्या शेजारची जागा कुणी घेतली नव्हती. ओरिए तिथे जाऊन उभी राहिली.

"ये," तोयोको-सान म्हणाली. "तुझे वडील गेले तेव्हासुद्धा असाच पाऊस होता, नाही?"

ओरिएने हात ओले केले. भात चटके देत होता.

"मी रोज ओरडायचे त्यांच्यावर. या वयात एकट्याने कसले हे फेरे म्हणून. तर म्हणायचे, अगं ओरिएने कागद पाठवलाय, पोरगी शब्दाची पक्की आहे, चार दिवस काढायचेत फक्त. काल निघतानाही तेच. म्हणाले, वर पोचलाय तिचा कागद."

ओरिएच्या हातातला मुटका फुटला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी भाताचा डाव खाली टाकला, त्याचा आवाज मोठा झाला.

"नाही पोचला," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला आणि बायकांचे हात थांबले. "मी पाठवलाच नाही काकू. माझ्या खणात आहे. बावीस तारखेपासून. त्यांचा शिक्का आहे त्यावर, माझा नाही. मी खोटं सांगितलं त्यांना. कालसुद्धा."

तोयोको-सानने तिच्याकडे पाहिलं नाही. हातातला मुटका तिने तीन बाजूंनी दाबला, नीट टोक काढलं आणि ताटात इतरांच्या ओळीत ठेवला. बाहेर माणसं पट्टे आवळून उभी होती, बर्फात खुपसून शोधायचे त्यांचे लांब बांबू भिंतीला टेकलेले दिसत होते.

"ह्यांना हे तू सांगायचं नाहीस," ती म्हणाली. "सापडले की मी सांगेन. माझ्याकडून ऐकू देत."

मग तिने भाताचं भांडं ओरिएकडे सरकवलं. "हात चालव. माणसं निघालीत."