घड्याळ फाटकाच्या आत होतं

पडदा वर जावा आणि समोर नुसत्या खुर्च्याच मांडलेल्या दिसाव्यात, तसं ते रुग्णालयाचं दालन. लांब लांब ठेवलेल्या खुर्च्यांवर तोंड झाकलेली माणसं, भिंतीवर फळा, आणि फळ्यापाशी हातात खडू घेऊन उभी असलेली, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी बाई. फळ्यावर तिच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: थांबावं लागेल अर्धा तास.

साथ भरात आली तेव्हा अधीक्षकांनी तिला बोलावून घेतलं होतं. रांगांचं गणित हा तिचा विषय. डॉक्टरांच्या दारांपुढच्या वेगवेगळ्या रांगा मोडून तिने सगळ्यांची एकच केली. जो डॉक्टर मोकळा होईल, त्याच्याकडे पुढचा माणूस. आतल्या खिडकीवर चिठ्ठी मिळाली की वेळ मोजायला सुरुवात. बघता बघता तो वेळ निम्म्याहून खाली आला. ‘‘बाई, जादू केलीत!’’ अधीक्षक म्हणाले.

खरं तर तपासणाऱ्याला उसंत नसेल तर रांग आखूड होत नाही, हे ती वर्गात पहिल्याच तासाला शिकवायची. इथं डॉक्टरांना पाणी प्यायला सवड नव्हती. मग वेळ घटला कसा? पोरांना तिने हटकून विचारलं असतं. स्वतःला विचारायचं राहून गेलं.

एका सकाळी वहिनीचा फोन आला. ‘‘वन्सं, यांना धाप लागलीय. तुमच्याकडे आणू की सरळ पलीकडच्या गावच्या रुग्णालयात नेऊ?’’

मागून दादाचा खोकत खोकत आवाज, ‘‘तिला म्हणावं, तू पुस्तकं वाचत बसायचीस आणि नळावर नंबर मी लावायचो. आता माझा लाव!’’

तिने फळ्याकडे पाहिलं. ‘‘अर्धा तास लागेल. इथंच या.’’

चिठ्ठ्यांत दादाचं नाव आलं नाही. पलीकडे नेलं असेल, असं तिने धरलं. संध्याकाळी रखवालदार तिला बोलवायला आला.

फाटकाबाहेर, भिंतीच्या वळणाआड, आतून न दिसणारी रांग होती. खुर्ची रिकामी झाली की रखवालदार एकाला आत सोडायचा. त्याला हुकूमच तसा होता. दादा आधी उभा राहिला, मग बसला, मग वहिनीच्या मांडीवर आडवा झाला. आता तो कुणाचीच वाट बघत नव्हता.

‘‘फोन करते म्हटलं,’’ वहिनी म्हणाली, ‘‘तर म्हणाले, कशाला? ती हिशेबात चुकत नाही.’’

तिला रडू आलं नाही. दादाचं सगळं आटोपून ती कामावर परतली आणि तिने खिडकीमागचं चिठ्ठ्यांचं टेबल उचलवून फाटकाबाहेर ठेवलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं: थांबावं लागेल दिवसभर.

‘‘अहो बाई, हे काय?’’ अधीक्षक धावत आले. ‘‘लोक घाबरतील, दुसरीकडे जातील! पुसा आधी.’’

तिने खडू खिडकीत ठेवला, हात झटकले आणि ती बाहेर गेली. वळणापाशी भिंतीला टेकून एक बाई बसली होती. तिच्यासमोर ही उकिडवी बसली.

‘‘ताई, कधीपासून थांबलायत?’’