न फुटलेलं लिंबू

मी आडमुठा माणूस. करंजाड्याला घर, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पुण्याला माल नेणारा एक ट्रक, आणि टायरमधलं माझ्याइतकं कोणाला कळत नाही ही घमेंड. मागच्या जोडचाकातला बाहेरचा टायर फुटला तेव्हा सगळा राग गावदेवीवर काढला. दर मंगळवारी हिला नारळ देतो, आणि हिचं लक्ष असतं कुठे? देवळात जाणंच बंद केलं.

नवा टायर मीच निवडून आणला. टायरवर दोन आकडे असतात, आधी रुंदीचा, मग रिमचा. आमच्यात सगळे ‘वीसचा टायर’ एवढंच म्हणतात. मीही वीस बघितलं आणि उचलला. बसवणाऱ्याने विचारलंसुद्धा, "शेट, पहिला आकडा बघितला ना?" "तीस वर्षं गाडी चालवतोय, मला शिकवू नकोस," म्हणून मी त्याला गप्प केलं.

गाडी नेणार होता माझा धाकटा भाऊ, दिनेश. लग्नाला जेमतेम महिना झालेला, आणि सळया भरून घाट चढायचा होता. देवीशी अबोला असला तरी रीत काही सुटेना. नाक्यावरच्या लिंबू-मिरचीवाल्या मावशीकडून दोन लिंबं घेतली आणि जोडीतल्या एकेका चाकापुढे ठेवली. दिनेशने रिकामी गाडी हातभर पुढे घेतली. मी चहाला वळलो, तोच मावशी ओरडली, "ओ भाऊ, हा लिंबू फुटला नाय! देवीनं घेतला नाय!"

"दबलंय की गं. तुला आणखी दोन खपवायचीत!"

"पैसं नको मला. वाकून बघ तरी, मग जा."

का कोण जाणे, मी वाकलो. आतल्या चाकाखालचं लिंबू पार चपटं झालेलं. बाहेरचं नुसतं दबलेलं, साल शाबूत. नव्या टायरखाली हात घातला तर बोटं सहज आत सरकली. टायर जमिनीला टेकतच नव्हता! तेव्हा कुठे पहिला आकडा वाचला. आतला दहाचा, माझा नवा नऊचा, म्हणजे रुंदीला कमी आणि उंचीलाही. भरल्या गाडीचं जवळजवळ सगळं वजन त्या एका आतल्या टायरवर आलं असतं, आणि घाटात तापून तो फुटला असता. दिनेशच्या तोंडाकडे बघवेना.

दहाचा आणून बसवला, पुन्हा लिंबं ठेवली, दोन्ही सारखीच चिरडली. दुपारी दिनेशचा फोन आला, "दादा, लोणावळ्याला पोचलो, चहा पितोय." मी "बरं" एवढंच म्हणालो आणि भर रस्त्यात रडलो. मग सरळ देवळात गेलो. मावशीची नजर तेज होती, असं कोणी म्हणेल. म्हणो बापडे. तिला बोलतं करणारी कोण, ते मला माहीत आहे.

टायर आजही माझा मीच निवडतो. पण दोन्ही आकडे मोठ्याने वाचतो, बसवणाऱ्यालाही वाचायला लावतो, आणि लिंबू ठेवल्यावर खाली वाकून बघतो. देवळात मला वाकायला जड जात होतं; देवीआईनं चाकाशी वाकवलं.