पाठीवरचं मंगळसूत्र

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत एक्स-रे तंत्रज्ञाचं शिक्षण घेत होतो. सकाळी वर्ग, नंतर रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात हातानं काम. सरावासाठी मशीन बंद ठेवून आम्ही मुलं एकमेकांना टेबलावर निजवायचो. "आजी, गुडघा दुमडा," असं नुकती मिशी फुटलेल्या मित्राला म्हणायचं आणि त्यानं कण्हत गुडघा दुमडायचा. सर दारातून बघत. म्हणत, "कण्हणं झकास. गुडघा दुसरा."

सरांवर आमचा जीव होता. फिल्म वाया गेली तरी ते ओरडत नसत. डार्करूममधून काढलेली ओली फिल्म तशीच हातात देत आणि सांगत, "वाळेपर्यंत बघत बस." त्या शिक्षेत काय त्रास असतो, हे मला एका दुपारी कळलं.

किनाऱ्यावरच्या गावातून एक तरुण बाई छातीचा फोटो काढायला आली होती. बरोबर सासू, सासूच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचं पोर. बाईचा खोकला कितीतरी दिवस हटत नव्हता. क्षय असेल या भीतीनं सासूनं पोराला तिच्यापासून तोडलं होतं. फोटोत काय ते कळेपर्यंत त्याला आईकडे द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पोर सारखं आईकडे झेपावत होतं आणि आई हात पदरात गुंडाळून बसली होती.

मी तिला आत घेतलं. "गळ्यातलं काढून ठेवा," म्हणालो.

"नाय काढायची. ते बोटीवर हायत."

"अहो, फोटोत येईल ते."

"मग मागं सारू? पाठीवर?"

मला ते पटलं. छाती मोकळी झाली म्हणजे झालं, असं मी खरोखर समजलो. तिनं मंगळसूत्र फिरवून पाठीवर टाकलं, फिल्मच्या पेटीला छाती टेकवली, हनुवटी वर केली. "श्वास घ्या, धरा." बटण दाबलं.

सरांनी ओली फिल्म उजेडात धरली. उजव्या फुप्फुसाच्या अगदी वरच्या टोकाशी मंगळसूत्राच्या दोन वाट्या, चंद्रासारख्या पांढऱ्याशुभ्र.

"हे काय?"

"मंगळसूत्र, सर. पण ते पाठीवर होतं."

"बरं. आणि किरण कुठून शिरले?"

"पाठीतून."

"मग वाटेत भेटलंच की ते त्यांना! का ओळख नव्हती म्हणून वळसा घालून गेले?"

मित्र हसले. सर हसले नाहीत. क्षय असला तर बहुतेक टोकाशीच दिसतो, आणि नेमकं ते टोक वाट्यांखाली झाकलं गेलं होतं. "पुन्हा काढ," म्हणाले, "आणि बाहेर जाऊन नीट सांग."

मी बाहेर गेलो. 'माझी चूक झाली' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. अंगात पांढरा कोट होता, बाकावर माणसं बसली होती. मी म्हणालो, "डॉक्टरांनी परत फोटो काढायला सांगितलंय."

सासूनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती बाकावर जराशी लांब सरकली. पोरानं हात पुढे केले तेव्हा आईनं मान फिरवली.

मी आत येऊन फिल्म धरून बसलो. वाट्यांवरून नजर हलेना.

"का काढायचा ते सांगितलंस?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

"अरे, मग ती काय समजली असेल?"

मी पुन्हा बाहेर गेलो. या वेळी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पाठीवरचंही फोटोत उमटतं, हे मला कळायला हवं होतं. आजाराचं अजून कुणीच काही म्हटलेलं नाही.

बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सासू कडाडली, "मेल्या, मग हे पयलं सांगाया तुजी जीब झडली व्हती? पर गल्यातलं उतरवायचं नाय हां. माजा पोर दर्यात हाय."

माझ्यामागे सर येऊन उभे होते. "मावशी, मनगटाला हळकुंड बांधा. मग गळा मोकळा चालेल ना?"

सासूनं त्यांना न्याहाळलं. "चालंल. तुला रं कुनी शिकवलं?"

"बायकोनं. तिच्या फोटोच्या वेळी मीही असाच शहाणपणा केला होता."

मी धावत जाऊन समोरच्या दुकानातून हळकुंड आणलं. सासूनं ते दोऱ्यात ओवून सुनेच्या मनगटाला स्वतः बांधलं, मग मंगळसूत्र उतरवून आपल्या मुठीत घट्ट धरलं.

दुसरी फिल्म स्वच्छ आली. डॉक्टरांनी ती दोनदा पाहिली. क्षयाची काही खूण नाही म्हणाले, खोकल्याचं औषध लिहून दिलं. मी ते बाहेर येऊन सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळं. सासूनं आधी सुनेच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं, मग पोर तिच्या मांडीवर दिलं.

पुढे नोकरीत हजारो छात्या मी पेटीसमोर उभ्या केल्या. फोटो पुन्हा काढायची वेळ आली की कारण आधी सांगतो. तरीही मी आत फिल्म धरून बसलो होतो तेवढा वेळ त्या बाईनं बाहेर काय काय मनात आणलं असेल, ते अजून छळतं. माझ्यावर ती रागावली नाही, याचा त्रास जास्तच होतो.

जाताना तिनं हळकुंड सोडायला हात घातला, तर सासू म्हणाली, "ऱ्हाऊ दे घरापावत." सोडणं शक्यही नव्हतं. पोरानं आईचं मनगट दोन्ही हातांनी धरून हळकुंड तोंडात घातलं होतं आणि त्याचे ओठ, हनुवटी, आईचा पदर, सगळं पिवळं झालं होतं.