नसरीनचं पिंप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. आज तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी तीर्थपुरीहून जालन्याला शिकायला आले होते. नसरीन जालन्याचीच. एमएस्सीच्या वर्गात आमच्या दोघींचा विषय एक — आणि तो ऐकला की बाकीच्या मुली नाकाला पदर लावायच्या. शहराच्या सांडपाण्याचा गाळ. शेताला खत म्हणून चांगला, पण कारखान्यांच्या पाण्याबरोबर त्यात जस्त, तांबं उतरलेलं. ते काढायचं जिवाणूंकडून. पिंपात गाळ भरायचा, गंधकाची पूड टाकायची, विरजण लावावं तसे जिवाणू सोडायचे आणि खालून नळीनं हवा द्यायची. ते गंधक खातात, गाळ आंबट होत जातो, धातू सुटून पाण्यात येतात. पाणी वेगळं केलं, उरलेला आंबटपणा चुन्यानं मारला, की गाळ शेताला मोकळा.

कॉलेजमागची ती पत्र्याची शेड मला अजून स्वप्नात दिसते. हिवाळ्याचं ऊन तिरपं आत यायचं, त्यात गंधकाची पिवळी धूळ तरंगायची, आणि दोन पिंपांतून बुडबुड्यांचा आवाज — सारखा, हळू, झोप आणणारा. नसरीन पिंपाला कान लावायची. म्हणायची, जेवून राह्यलेत. मीही कान लावायचे. खरंच वाटायचं, आत कुणीतरी जेवतंय.

फक्त माझ्या पिंपात कुणी जेवत नव्हतं. आंबटपणा तपासायला बुडवलेला तिचा लिटमसचा कागद लाल व्हायचा, माझा नाही. का? कुणास ठाऊक. सर म्हणाले होते, पुण्याच्या प्रयोगशाळेत पुढच्या संशोधनाला एकीचीच शिफारस करता येईल. सोमवारी पिंपं बघून ठरवू.

माझं तोंड उतरलेलं तिनं पाहिलं. “माझ्यातलं घे ना थोडं,” ती म्हणाली. “विरजणच हाय ते. दिल्यानं कमी व्हतं का?”

मी घेतलं. माझं पिंप जागं झालं. कागद लाल व्हायला लागला. मग आनंद व्हायला हवा होता — नाही का? पण माझं पिंप तिच्या मागेच राहणार होतं. आमचं कधी भांडण झालेलं नव्हतं. तिनं मला कधी दुखवलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतेय.

शुक्रवारी दुपारी ती जेवायला घरी गेल्ती. शेडमध्ये कोपऱ्यात चुन्याचं पोतं होतं. मी मुठी भरून चुना तिच्या पिंपात टाकला, काठीनं ढवळला. काळ्या गाळात पांढरं विरून गेलं. बुडबुडे येतच राहिले — हवा चालू होती ना. फक्त आता ती नुसतीच हवा होती.

सोमवारपर्यंत तिनं कितीदा कागद बुडवला असेल! रडली नाही. गंधक जास्त झालं असेल, हवा कमी पडली असेल — स्वतःच्याच चुका शोधत राहिली. मी तिच्या शेजारी बसून तिच्यासोबत त्या शोधल्या. हो, तेही केलं.

मी पुण्याला गेले. नाव झालं, लोक मला व्याख्यानाला बोलावू लागले. नसरीननं पुढे बीएड केलं.

बऱ्याच वर्षांनी अंबडच्या बसस्टँडवर ती भेटली. तिथल्याच शाळेत शिकवत होती. सोबत तिची मुलगी, दहावीतली. मला पाहून नसरीनचा चेहरा इतका उजळला की मला खाली बघावं लागलं. मुलीला जवळ ओढून म्हणाली, “ही सुनंदा मावशी. हिच्या हाताला जिवाणू जगतेत, बेटा. माझ्या हाताला न्हाई जगले.”

मुलीनं कौतुकानं माझ्या हातांकडे पाहिलं. माझी परतूरची गाडी लागली होती. मी दोघींचा निरोप घेतला आणि चढले.